काटा खरं बोलतोय का?

सुट्टी लागली की घराघरात बॅगा भरल्या जातात, टायरची हवा तपासली जाते, पेट्रोलची टाकी फुल्ल होते. कुणी कसारा घाट चढून नाशिकला निघतं, कुणी इंदूरहून मानपूरचा घाट उतरून धुळ्याकडे, तर कुणी दिल्लीहून थेट शिमल्याला. गाडीत आजी-आजोबा असतात, मुलं असतात, लाडूंचे डबे असतात. घाट सुरू होतो, पुढचा ट्रक कण्हत कण्हत चढत असतो आणि तेवढ्यात तुमची नजर मीटरवरच्या त्या छोट्या काट्याकडे जाते. रोज मधोमध असणारा काटा आज जरा वर सरकलेला दिसतो.

अशा वेळी मनात एकच प्रश्न येतो, ‘इंजिन तापलं की काय?’ पण खरं तर प्रश्न दोन आहेत. इंजिन खरंच तापलंय का, हा पहिला. आणि काटा सांगतोय ते खरं आहे का, हा दुसरा. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर माहीत नसेल, तर पहिल्याचं उत्तर कधीच मिळत नाही.

काटा दोन्ही बाजूंनी खोटं बोलू शकतो. इंजिन ठीक असताना तो ‘तापलं, तापलं’ म्हणून ओरडला, तर आपण विनाकारण रेडिएटर, पंप, थर्मोस्टॅट बदलत बसतो. इंजिन खरोखर तापत असताना तो गप्प बसला, तर मात्र हेड गॅस्केट जातं, हेड वाकतं, कधी इंजिन सीझ होतं. काही शे रुपयांच्या सेन्सरपायी हजारोंचा खर्च होतो आणि वर भर रस्त्यात कुटुंबाचा खोळंबा. म्हणूनच आज आपण या काट्याची उलटतपासणी कशी करायची ते पाहू. यातल्या बऱ्याच गोष्टी तुम्ही स्वतः, घराखालच्या पार्किंगमध्ये करू शकता.

काटा नेमकं काय मोजतो?

इंजिनाभोवती कूलंट फिरत असतं, म्हणजे पाणी आणि ग्लायकॉल यांचं मिश्रण. ते इंजिनाची उष्णता घेतं, रेडिएटरमध्ये जाऊन थंड होतं आणि परत येतं. या वाटेवर, बहुतेक वेळा थर्मोस्टॅटच्या जवळ, एक छोटा सेन्सर बसवलेला असतो. त्याचं टोक कूलंटमध्ये बुडालेलं असतं. कूलंट जसजसं तापतं, तसतसा सेन्सरचा विद्युत रोध कमी होतो. तो बदल वायरमधून मीटरपर्यंत किंवा आधी गाडीच्या कॉम्प्युटरपर्यंत, म्हणजे ईसीयूपर्यंत, जातो आणि मग काटा हलतो.

म्हणजे काटा इंजिनाचं तापमान थेट मोजतच नाही. तो मोजतो सेन्सरच्या टोकाला लागलेल्या कूलंटचं तापमान. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे फार उपयोगी पडणार आहे. कूलंट, सेन्सर, वायर आणि मीटर अशी ही चार कड्यांची साखळी आहे. कुठलीही एक कडी सैल झाली, तरी दोष मात्र काट्यावर येतो.

मधोमध म्हणजे नेमकं किती?

जुन्या गाड्यांत काटा तापमानाबरोबर थोडाथोडा वर-खाली व्हायचा. घाट चढला की वर, उताराला लागलं की खाली. नवीन गाड्यांत मात्र अनेक कंपन्या काटा मुद्दाम स्थिर ठेवतात. कूलंट ८० अंशांवर असो की १०० अंशांवर, काटा मधोमधच दिसतो. चालकाला उगाच काळजी वाटू नये, हा त्यामागचा हेतू. त्याचा तोटा असा, की काटा मधून हलला तेव्हा गोष्ट बरीच पुढे गेलेली असू शकते.

अनेक छोट्या गाड्यांत तर काटाच नसतो. सकाळी गाडी सुरू केली की थोडा वेळ निळा दिवा लागतो, म्हणजे इंजिन अजून थंड आहे. तो विझला की सगळं ठीक. लाल दिवा लागला की धोका. या दोन दिव्यांच्या मध्ये काय चाललंय, ते डॅशबोर्ड सांगत नाही.

म्हणून पहिलं काम अगदी सोपं आहे. गाडी ठणठणीत असताना तिचं नेहमीचं वागणं टिपून ठेवा. सकाळी सुरू केल्यावर काटा मध्यावर यायला किती मिनिटं लागतात? तो नेमका कोणत्या रेघेवर थांबतो? सिग्नलला एसी चालू ठेवून उभं असताना हलतो का? गाडी उभी असताना शेजारी बसलेल्याला मोबाइलवर एक फोटो काढायला सांगा. निळा दिवा असेल, तर तो विझायला लागणारा वेळ लिहून ठेवा. आजारी माणसाचा ताप कळायला त्याचं नेहमीचं तापमान माहीत असावं लागतं, तसंच हे.

आधी कूलंट बघा

काट्यावर संशय घेण्याआधी कूलंटची पातळी तपासा. गाडी रात्रभर उभी असेल, इंजिन पूर्ण थंड असेल, तेव्हाच. बॉनेट उघडल्यावर एक पांढरट पारदर्शक टाकी दिसते, तिच्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशा दोन खुणा असतात. पातळी त्या दोन खुणांच्या मध्ये हवी. रेडिएटरला वेगळं झाकण असेल, तर थंड असतानाच ते उघडून आत कूलंट काठोकाठ आहे का, तेही बघा. कधी कधी टाकी भरलेली दिसते आणि रेडिएटर मात्र रिकामा असतो.

गरम इंजिनावर हे झाकण कधीही उघडू नका. त्याचं कारण स्वयंपाकघरात रोज दिसतं. प्रेशर कुकरमध्ये दाब वाढतो, म्हणून पाणी १०० अंशांना न उकळता १२० अंशांच्या आसपास उकळतं. रेडिएटरचं झाकण अगदी हेच करतं. अनेक झाकणांवर ०.९ किंवा १.१ असा आकडा असतो, तो याच दाबाचा. शिट्टी न काढता, वाफ न जिरवता कुकरचं झाकण उघडलं तर काय होईल? इथेही तेच होतं. दाब एकदम सुटतो आणि उकळतं कूलंट तोंडावर, हातावर उडतं.

पातळी कमी असेल, तर आधी गळती शोधा. कूलंट कमी झालं की सेन्सरचं टोक उघडं पडतं आणि कूलंटऐवजी हवेचं तापमान सांगू लागतं. म्हणजे इंजिन तापत असतं आणि काटा खाली असतो. चढलेला काटा घाटात अचानक खाली पडला, तर ‘बरं झालं, थंड झालं’ म्हणून आनंद मानू नका. कूलंट संपल्याची ती खूण असू शकते. लगेच गाडी बाजूला घ्या.

नुकतंच कूलंट बदललं असेल आणि त्यानंतर काटा विचित्र वागू लागला असेल, तर आत हवा अडकलेली असण्याची शक्यता मोठी. तेव्हा काटा वर-खाली नाचतो, हीटर लावला तर कधी गरम, कधी थंड हवा येते. अशा वेळी सेन्सर बदलायची गरज नसते, कूलंटमधली हवा काढून घ्यावी लागते. आणि भर घालताना बोअरचं पाणी ओतू नका. त्यातले क्षार सेन्सरच्या टोकावर आणि रेडिएटरच्या नळ्यांत पुटासारखे बसतात. कंपनीने सांगितलेलं कूलंट आणि गरज पडल्यास डिमिनरलाइज्ड पाणीच वापरा.

काट्याच्या सवयी काय सांगतात?

कूलंट ठीक आहे, तरी काटा चुकतोय? मग तो कसा चुकतोय, ते बघा. प्रत्येक सवयीमागचं कारण वेगळं असतं.

काटा तळाशीच पडून आहे, हलतच नाही: सेन्सरचा कपलर निघालेला असू शकतो, वायर तुटलेली असू शकते किंवा सेन्सर मेलेला असू शकतो. वायर तुटली की मीटरला वाटतं, इंजिन बर्फासारखं थंड आहे. नवीन गाड्यांत अशा वेळी ईसीयू सावधगिरी म्हणून रेडिएटरचा पंखा सतत चालू ठेवतो आणि इंजिनाचा पिवळा दिवाही लावतो.

चावी फिरवताच काटा थेट लालवर जातो: रात्रभर उभी असलेली गाडी सकाळी तापलेली असूच शकत नाही. म्हणजे हा काटा खोटं बोलतोय, हे शंभर टक्के. सेन्सरची वायर कुठेतरी सोलली जाऊन बॉडीला टेकलेली असते किंवा सेन्सर आतून शॉर्ट झालेला असतो.

काटा हळूहळू चढतो, पण मध्यापर्यंत पोहोचतच नाही: इथे काटा बहुधा खरं बोलत असतो. थर्मोस्टॅट उघडा अडकलेला असतो किंवा कुणीतरी तो काढूनच टाकलेला असतो. ‘आपल्याकडच्या उन्हाळ्यात थर्मोस्टॅट लागत नाही, काढून टाका’ हा सल्ला अजूनही ऐकायला मिळतो. पण थर्मोस्टॅट साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडतो तो इंजिन योग्य तापमानाला यावं म्हणूनच. तो नसेल तर इंजिन थंडच राहतं, पेट्रोल जास्त जळतं, झीज वाढते. अशा गाडीत सेन्सर बदलून काहीच उपयोग नाही.

हेडलाइट, इंडिकेटर किंवा वायपर लावला की काटा हलतो: इंजिनाचं तापमान इंडिकेटरच्या तालावर वर-खाली होत नाही. हा अर्थिंगचा दोष.

तापमानाबरोबर पेट्रोलचा काटाही चुकतो: दोन वेगळे सेन्सर एकाच वेळी बिघडण्याची शक्यता कमी. दोघांमध्ये समान आहे ते मीटर, त्याचा फ्यूज आणि त्याची अर्थिंग. आधी तिथे बघा.

रस्त्यावर काटा ठीक असतो, सिग्नलला थांबलं की चढतो, गाडी धावू लागली की उतरतो: हे खोटं समजू नका. गाडी उभी असताना रेडिएटरला वारा मिळत नाही, तेव्हा सगळी भिस्त पंख्यावर असते. पंखा, त्याचा फ्यूज, रिले तपासून घ्या. याउलट सिग्नलला ठीक आणि चढावर किंवा वेगात गेल्यावर काटा चढत असेल, तर रेडिएटर तुंबलेला असू शकतो.

दुसरा साक्षीदार हवा

एकाच साक्षीदाराच्या सांगण्यावरून निकाल देऊ नये. काट्याचंही तसंच. त्याचं म्हणणं दुसऱ्या कुणाकडून तरी पडताळून घ्या. त्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला, सकाळची चाचणी. २०१३ नंतरच्या बहुतेक गाड्यांत स्टिअरिंगखाली १६ पिनांचं ओबीडी सॉकेट असतं. त्यात बसणारा छोटा ब्लूटूथ स्कॅनर ऑनलाइन सहज मिळतो आणि मोबाइलवरच्या अॅपमध्ये आकडे दिसतात. गाडी रात्रभर सावलीत उभी राहिली, की सकाळी इंजिन सुरू न करता फक्त चावी ऑन करा. अॅपमध्ये कूलंटचं तापमान आणि आत येणाऱ्या हवेचं तापमान असे दोन आकडे बघा. रात्रभरात दोन्ही एकसारखे झालेले असतात, त्यामुळे आकड्यांमध्ये दोन-चार अंशांचाच फरक दिसायला हवा. बाहेर २६ अंश असताना कूलंट ४५ किंवा उणे ४० दाखवत असेल, तर सेन्सर किंवा त्याची वायर दोषी.

मग इंजिन सुरू करा आणि आकडा चढताना बघत राहा. तो सावकाश, न अडखळता चढायला हवा. ८० ते ९० च्या दरम्यान वेग मंदावतो, कारण थर्मोस्टॅट उघडू लागतो. गाडी उभीच ठेवली आणि एसी बंद असला, तर साधारण ९५ ते १०० अंशांच्या आसपास पंखा सुरू होतो आणि आकडा पुन्हा थोडा उतरतो. मॉडेलनुसार यात थोडाफार फरक पडतो. आकडा मध्येच ६० वरून १०५ वर उडी मारत असेल, तर तसं कूलंट तापत नाही, सेन्सर किंवा कपलर उड्या मारतोय.

इथे एक मेख आहे. काही गाड्यांत, विशेषतः जुन्यांत, मीटरसाठी एक आणि ईसीयूसाठी दुसरा असे दोन सेन्सर असतात. तिथे स्कॅनर हा खरोखरचा दुसरा साक्षीदार. काटा लालवर आणि स्कॅनर ९० म्हणत असेल, तर मीटरचा सेन्सर किंवा मीटर चुकतंय. पण नवीन गाड्यांत बहुधा एकच सेन्सर दोन्ही कामं करतो. तिथे सेन्सर खोटं बोलला, तर काटा आणि स्कॅनर दोघंही तेच खोटं सांगतात. मग तिसऱ्याला विचारावं लागतं.

तो तिसरा म्हणजे इन्फ्रारेड थर्मामीटर. कोरोनाच्या काळात कपाळासमोर धरायचो, त्याच जातीचा, पण तो मात्र चालणार नाही. कपाळाचा थर्मामीटर माणसाच्या तापापुरताच मोजतो. कारखान्यात वापरतात तो, २०० अंशांच्या पुढेही मोजणारा घ्या. इंजिन नेहमीच्या तापमानाला आलं, की थर्मोस्टॅटच्या घराजवळ, सेन्सरच्या शेजारी नेम धरा. चकचकीत धातूवर हा थर्मामीटर फसतो आणि कमी आकडा दाखवतो. म्हणून इंजिन थंड असतानाच तिथे काळ्या चिकटपट्टीचा एक तुकडा लावून ठेवा आणि त्यावर नेम धरा. बाहेरचा पृष्ठभाग आतल्या कूलंटपेक्षा थोडा थंड असतो, त्यामुळे काही अंशांचा फरक चालेल. तीस अंशांचा नाही.

हे सगळं करताना एक काळजी घ्या. रेडिएटरचा इलेक्ट्रिक पंखा इंजिन बंद असतानाही अचानक सुरू होऊ शकतो. ओढणी, पदर, मोकळे केस, बांगड्या, गळ्यातली साखळी हे सगळं आवरून मगच बॉनेटखाली हात घाला.

सेन्सरची परीक्षा पातेल्यात

संशय सेन्सरवरच येत असेल आणि घरात मल्टीमीटर असेल, तर परीक्षा घेता येते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर मेकॅनिककडून सेन्सर काढून घ्या. काढताना थोडं कूलंट सांडतं, ते गोड चवीचं आणि विषारी असतं. मुलं आणि कुत्री-मांजरं यांच्यापासून लांब ठेवा, लगेच पुसून घ्या. परीक्षेसाठी स्वयंपाकाचं पातेलं नको, जुनं, टाकाऊ पातेलं घ्या.

पातेल्यात पाणी घेऊन सेन्सरचं फक्त टोक बुडेल असा धरा, मल्टीमीटर रोध मोजण्यावर ठेवा आणि पाणी मंद आचेवर तापवा. ईसीयूला जोडलेल्या बऱ्याच सेन्सरचा रोध २० अंशांना साधारण २,००० ते ३,००० ओहम असतो आणि ८० अंशांना तो ३०० ओहमच्या आसपास येतो. तुमच्या गाडीचे नेमके आकडे तिच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये मिळतील. आकड्यापेक्षाही महत्त्वाची आहे ती चाल. पाणी तापत जाताना रोध एकसारखा उतरत गेला पाहिजे. मध्येच अडकला, उडी मारली किंवा अजिबात हलला नाही, तर सेन्सर बाद.

पाणी उकळलं म्हणजे १०० अंश झाले, असं सगळीकडे धरून चालू नका. मुंबईत, चेन्नईत ते बरोबर आहे. बेंगळुरू उंचावर असल्याने तिथे पाणी सुमारे ९७ अंशांना उकळतं आणि लेहला तर ८८ च्या आसपासच. उंच डोंगरावर रेडिएटरचं झाकण चांगलं असणं का गरजेचं, हेही यावरून कळेल. दाब टिकला नाही, तर कूलंट तिथे लवकर उकळू लागतं.

वायर आणि अर्थिंगकडे दुर्लक्ष नको

इंदूरला माझ्या मामांकडे एक जुनी गाडी आहे. काटा सारखा वर जायचा. गॅरेजने आधी थर्मोस्टॅट बदलला, मग रेडिएटर उतरवून साफ केला, मग पाण्याचा पंप बदलला. काटा होता तिथेच. शेवटी एका ऑटो इलेक्ट्रिशियनने संध्याकाळी हेडलाइट लावले, काटा आणखी वर गेला आणि त्याने सरळ मीटरच्या मागची अर्थिंगची वायर धरली. तिचा नट गंजून सैल झाला होता. घासून, आवळून दिला आणि काटा मध्यावर आला. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, तो हा प्रकार.

म्हणून महागडा भाग बदलण्याआधी स्वस्तातल्या या गोष्टी बघून घ्या. सेन्सरचा कपलर काढून आत हिरवट गंज आहे का बघा. असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरने साफ करा. कपलरजवळची वायर उंदराने कुरतडलेली नाही ना? पावसाळ्यात उबेसाठी उंदीर बॉनेटखाली येतात आणि वायरींवर त्यांचं विशेष प्रेम असतं. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकापासून बॉडी आणि इंजिनापर्यंत जाणाऱ्या अर्थिंगच्या पट्ट्या घट्ट आहेत ना?

जुन्या गाड्यांत सेन्सरला एकच वायर असते आणि अर्थिंग त्याच्या आट्यांमधून इंजिनाला मिळते. गळती थांबावी म्हणून कुणी त्या आट्यांवर जाड टेफ्लॉन टेप गुंडाळला असेल, तर अर्थिंग बिघडून काटा कमी दाखवू शकतो. अशा एका वायरच्या जुन्या गाडीत मेकॅनिक कपलर काढून बघतो, तेव्हा काटा तळाशी जायला हवा. मग वायर रोधकातून अर्थला टेकवली, की काटा वर जायला हवा. तसं झालं तर मीटर आणि वायर ठीक, दोष सेन्सरमध्ये. ही युक्ती नवीन गाड्यांवर मात्र करू नका. तिथे वायर ईसीयूला जाते आणि तो महाग असतो.

गॅरेजमध्ये काय विचाराल?

‘गाडी हीट होतेय’ एवढंच सांगून चावी हातात देऊ नका. काय होतं, कधी होतं, ते सांगा. उदाहरणार्थ, ‘सकाळी चावी फिरवताच काटा लालवर जातो’ किंवा ‘सिग्नलला चढतो, चालताना उतरतो.’ तुमच्याकडचे फोटो आणि अॅपचे आकडे दाखवा. मग तीन गोष्टी विचारा.

स्कॅनिंगमध्ये कोणता कोड आला? पी ०११७ म्हणजे सेन्सरकडून येणारा सिग्नल फार कमी, बहुधा शॉर्ट. पी ०११८ म्हणजे फार जास्त, बहुधा वायर तुटलेली किंवा कपलर निघालेला. पी ०१२८ आला तर इंजिन हवं तितकं तापत नाहीये, म्हणजे आधी थर्मोस्टॅट बघा. कोड दोष कोणत्या वाटेवर आहे ते सांगतो, कोणता भाग बदलायचा ते नाही, हेही लक्षात ठेवा.

खरं तापमान कशाने मोजलं? काट्याशिवाय दुसऱ्या कशाने मोजलं नसेल, तर अजून काहीच सिद्ध झालेलं नाही.

बदललेला जुना भाग मला दाखवाल का? हे विचारण्यात संकोच कसला? तुमची गाडी आहे, तुमचे पैसे आहेत. अनेक मैत्रिणी सांगतात की गॅरेजमध्ये त्यांच्याशी कुणी नीट बोलत नाही. नेमका प्रश्न विचारला की बोलण्याचा सूर बदलतो.

आणि काटा लालवर गेलाच तर?

ही सगळी तपासणी घरची. रस्त्यात नियम एकच, काटा लालवर गेला किंवा लाल दिवा लागला, की तो खरं बोलतोय असंच समजा. ‘आमच्या गाडीचा काटा तसाच आहे’ म्हणत पुढे जाऊ नका. खोट्या इशाऱ्यावर थांबलात तर अर्धा तास जाईल, खऱ्या इशाऱ्यावर थांबला नाहीत तर इंजिन जाईल.

काटा नुकताच मध्यावरून वर सरकू लागला असेल, तर एसी बंद करा, हीटर सर्वात गरम करून ब्लोअर पूर्ण सोडा आणि खिडक्या उघडा. गाडीत घाम फुटेल, पण हीटर हा छोटा रेडिएटरच असतो, तो इंजिनाची थोडी उष्णता ओढून घेतो. काटा लालपर्यंत पोहोचला किंवा वाफ दिसली, तर सुरक्षित जागा बघून थांबा, इंजिन बंद करा, पार्किंगचे दिवे लावा, मागे लाल त्रिकोण ठेवा. मुलांना आणि ज्येष्ठांना गाडीतून उतरवून कठड्याच्या आतल्या बाजूला, सावलीत बसवा. किमान अर्धा तास झाकणाला हात लावू नका. तापलेल्या इंजिनावर थंड पाणी ओतू नका, धातूला तडा जाऊ शकतो. आणि उतार आहे म्हणून इंजिन बंद ठेवून गाडी खाली सोडायचा मोह टाळा. इंजिन बंद झालं की ब्रेक आणि स्टिअरिंग दोन्ही जड होतात. घाटात ते इंजिन जाण्यापेक्षाही महाग पडेल.

तेव्हा पुढच्या सहलीच्या आधीच्या रविवारी अर्धा तास काढा. सकाळी थंड इंजिनावर कूलंट बघा, चावी ऑन करून आकडे बघा, काटा मध्यावर यायला लागणारा वेळ मोजा आणि सगळं डायरीत किंवा मोबाइलमध्ये लिहून ठेवा. मुलांना सोबत घ्या, आकडे त्यांना वाचू द्या. घाटात काटा हलला, तर तुमच्यापैकी कुणीतरी नक्की सांगू शकेल की हे नेहमीचं आहे की नाही.